डोमाकाकांचा जावक नंबर

परवा जेवणाच्या सुट्टीत इथं दक्षिणेत, आमच्या सूतगिरणीच्या जेवणघरात दोन साहेब टेबल मांडून बसले. सुपरवायझरबाईनं तिच्या मोडक्या हिंदीत सांगितलं की बाहेरच्या राज्यातल्या सगळ्या बायांनी नाव, गाव, फोटो आणि अंगठा द्यायचा. मागं इथल्या बाजारात लोकांनी बाहेरची पोरं धरून मारली होती. त्याच्यावरून वरून हुकूम आला, आता सरकार आपलं रक्षण करणार, म्हणून यादी पाहिजे.

इथं आम्हा सगळ्यांना ‘वडक्कन’ म्हणतात. म्हणजे उत्तरेचे. ओडिशाची असो की यवतमाळची, त्यांच्या लेखी एकच. दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवत नाही, टाकतो. खोलीमालकाची काही वस्तू हरवली की पहिल्यांदा आमच्या पेट्या उघडतात. म्हणून यादी ऐकून ओडिशाच्या सबितानं खुश होऊन विचारलं, “दीदी, लिखवा दें?”

माझ्या तोंडातून मात्र आपोआप निघालं, “साहेब, इस कागज का जावक नंबर है क्या?”

साहेबांना समजलं नाही. बायका हसल्या. मला हसू आलं नाही, कारण ते वाक्य माझं नव्हतं. ते आमच्या गावच्या डोमाजी कोतवालाचं होतं. ते गेल्या उन्हाळ्यात वारले. मी सातवी पास, लिहिणं माझं काम नाही. पण ह्या माणसाबद्दल कोणी लिहिणार नाही, आणि राग गिळून गिळून माझं पोट दुखतं, म्हणून लिहिते. गावाचं नाव घालत नाही. आर्णीकडून महागावकडे जाताना लागणाऱ्या शंभर गावांतलं एक समजा. माझे मायबाप अजून तिथंच, गावाला लागून असलेल्या तांड्यात राहतात.

डोमाकाका म्हणजे कापसाची उभी वाळलेली पऱ्हाटी. उंच, काळे, हातापायाच्या काड्या. अंगात खाकी सदरा, धुऊन धुऊन भाकरीच्या रंगाचा झालेला. चष्म्याची एक दांडी दोऱ्याची. सायकलीला ब्रेक नव्हता, पाय घासून थांबवायचे. घंटी मात्र आरशासारखी. रोज सकाळी खोबरेल तेलाच्या चिंधीनं पुसायचे. त्याला कारण होतं.

गावात दवंडी देणं हे कोतवालाचं काम. त्यांचा आजा हलगी वाजवून द्यायचा. दीक्षा घेतली त्या वर्षी आज्यानं हलगी नाल्याच्या पुरात सोडून दिली आणि सांगितलं, यापुढं आपल्या घरात कातडं वाजणार नाही. बाप नुसत्या गळ्यानं ओरडायचा, त्याचा गळा बसला तो बसलाच. डोमाकाकांनी सायकलीची घंटी धरली. चौकात पाय टेकवून उभे राहायचे, तीनदा घंटी, मग हुकूम.

सरपंच एकदा पारावर चारचौघांत म्हणाला, “डोमाजी, तुही घंटी तं बरफवाल्यासारखी वाटते बे.”

“वाटू द्या ना भाऊ,” डोमाकाका म्हणाले. “पोट्टे तरी पयत येतात. तुमच्या सभेले तं तेही येत नाई.”

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे स्टीलचा गिलास. तो सायकलीच्या पिशवीत कायम. त्यांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात त्यांच्या लोकांचा कप वेगळा, बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तो खिळा निघून पुष्कळ वर्षं झाली, हॉटेलवालाही बदलला. नवा मालक चांगला होता, सगळ्यांबरोबर कप पुढं करायचा. डोमाकाका पिशवीतून गिलास काढायचे. “यात वत. तुह्या बापाले माहा कप धुवाचा तरास होता, तुले कायले देऊ?” मालक बिचारा दर वेळी ओशाळायचा. मला वाटायचं, जाऊ द्यावं आता. डोमाकाका काही जाऊ देत नसत.

आणि तिसरी गोष्ट जावक नंबर. कचेरीतून जो कागद बाहेर निघतो त्याच्यावर एक नंबर पडतो, तो जावक. आत येणाऱ्या कागदावर पडतो तो आवक. डोमाकाका चौथी शिकलेले, पण हे त्यांना असं पाठ होतं की तलाठी नवा आला की पहिल्या दिवशी घाम पुसायचा. नंबर आणि शिक्का पाहिल्याशिवाय ते घंटीला अंगठा लावत नसत. सरपंचाच्या पोराचं लग्न निघालं तेव्हा सरपंचानं निरोप धाडला, गावजेवणाची दवंडी दे. डोमाकाका गेले, पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली.

“भाऊ, याच्यावर जावक नंबर नाई.”

“अबे, लग्नाले नंबर असते काय?”

“नसते ना. म्हनूनच त्याची दवंडी नसते.”

गाव महिनाभर हसलं. सरपंच हसला नाही. त्यानं ते मनात ठेवलं, हे पुढं दिसलं.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. ज्यांच्या पेरण्या दोनदा झाल्या त्यांचा कापूस उशिरा फुटला, तोही अर्धा कवडी, म्हणजे किडका, डागी. माणसं एकमेकांवर उगीच वसकायची. अळीच्या थोबाडीत मारता येत नाही, भाव पाडणारा तर कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग हाताशी कोण? तर वेचणीला आलेले परके.

दिवाळीच्या आधी मुकादमानं मध्य प्रदेशातल्या डोंगरातून वीस-पंचवीस माणसं आणली. कोरकू लोक. बंद पडलेल्या कापूस खरेदीच्या गोदामाचा ओटा त्यांना दिला. ते आमच्यापेक्षा कमीत वेचायचे, म्हणून आमच्या तांड्यातल्या बायासुद्धा त्यांच्यावर खार खाऊन. हापशीवर त्यांच्या बाया आल्या की गावातल्या बाया हंडे आडवे लावायच्या. किराणावाला म्हणायचा, “बाहेर उभं राहा, बाहेर. हात लावू नको.” पोरं त्यांच्या मागं ‘जंगली, जंगली’ करत फिरायची आणि मोठी माणसं ती मजा पाहायची.

अशात ग्रामपंचायतीत एक परिपत्रक आलं. सरपंचानं ते कपाटाच्या पायाखाली घातलं होतं, कपाट डुगडुगत होतं म्हणून. डोमाकाकांनी ते काढून झटकलं, जावक नंबर पाहिला, शिक्का पाहिला. मग ओट्यावर बसून अक्षरं लावत लावत पूर्ण वाचलं. त्यात लिहिलं होतं की बाहेरून आलेल्या मजुरांची नावनिशीवार यादी करावी. त्यांना राशन द्यावं. लेकरं अंगणवाडीत, शाळेत घ्यावी. आणि त्यांच्या जातीवरून, मुलखावरून कोणी त्यांना पाणी, दुकान, दवाखाना नाकारला तर तक्रार लिहून घ्यावी.

त्या संध्याकाळी चौकात घंटी तीनदा नाही, सहादा वाजली. “ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! बाहेरचा मानूस हा बी मानूसच हाय, असं सरकारनं शिक्क्यानिशी कळवलं हाय!” परिपत्रकात हे वाक्य नव्हतं. दवंडीत त्यांनी स्वतःचं घातलेलं ते एकच.

यादीसाठी ते आमच्या तांड्यात आले. डोमाकाकांचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. माझं चांगलं होतं. मायबाप ऊसतोडीला जायचे, मागं भावंडं सांभाळायला मी, म्हणून सातवीनंतर शाळा सुटली; अक्षर तेवढं हाती राहिलं. त्या वेळी मी चोवीसची होते, नवऱ्यानं सोडल्यावर माहेरी परतलेली.

माझी याडी, म्हणजे माझी आई, दारातच आडवी झाली. “आमची मजुरी पाडली त्यांनी. अन त्यांची यादी माही पोरगी लिहिन काय?”

“बाई,” डोमाकाका सायकल टेकवत म्हणाले, “तुमचा तांडा या गावात कोन्या एष्टीनं उतरलता?”

आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरणारे. याडीच्या आज्याला तर तांड्याचा म्हणून रोज पाटलाच्या दारी हजेरी द्यावी लागे, हे तिनंच आम्हाला सांगितलेलं.

“तोंड पाहा या कोतवालाचं,” ती म्हणाली, आणि आत जाऊन चहा ठेवला. डोमाकाकांनी पिशवीतून गिलास काढला.

गोदामाच्या ओट्यावर आम्ही दोन दुपारी बसलो. एकेक जण पुढं यायचा, नाव सांगायचा, मी लिहायची. सुखलाल नावाचा माणूस त्यांच्यात वडीलधारा. त्याची बायको बुधिया, कडेवर लेकरू. ती नाव सांगेना.

“नाम लिखोगे तो पुलिस आएगी?” तिनं विचारलं.

डोमाकाका त्यांच्या वऱ्हाडी हिंदीत म्हणाले, “पुलिस नही, बाई. राशन आएगा. कागज झूठ नही बोलता.”

तिनं नाव सांगितलं. मी लिहिलं. खाली डोमाकाकांनी तारीख घातली आणि दुसऱ्या दिवशी तीस किलोमीटर सायकल मारून यादी तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिली. एक नक्कल पंचायतीत ठेवली.

राशन आलं नाही. अंगणवाडीवाली म्हणाली, वरून आदेश नाही. कचेरी म्हणाली, यादी साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब दौऱ्यावर. डोमाकाका दर दोन दिवसांनी विचारायला जात. हापशीवर तेवढे ते स्वतः सकाळी सायकल आडवी लावून उभे राहत, कोरकू बायांचे हंडे भरेपर्यंत. गावातल्या बाया बोटं मोडायच्या.

आणि मग सीतादहीचा दिवस आला.

आमच्याकडे वावरात पहिली वेचणी अशीच सुरू करत नाहीत. घरची बाई दहीभात घेऊन जाते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडून, धुऊन, कुंकू लावते. चारी कोपऱ्यांत दहीभात शिंपते, वेचणाऱ्यांना वाढते. त्यालाच सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही. गावातलं लहान लेकरूही हे मोडणार नाही. पण डोंगरातून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? कोणी सांगितलं नाही.

सरपंचाचा कापूस दुबार पेरणीचा, उशिराचा. सरपंचीणबाईनं मला दहीभाताचं पातेलं धरायला बरोबर घेतलं होतं. उन्हं वर आली होती. वावरात पोचलो तर सुखलाल, बुधिया आणि बाकीचे ओळीनं वेचत होते. धुऱ्यावर कापसाची तीन गठोडी बांधून, नीट रांगेत ठेवलेली.

बाई जागीच थांबल्या. “अवो माय. दैभात तं शिंपलाच नाई अजून.”

सुखलाल हात जोडून पुढं आला. “बाई, मुकादम बोला, आज से इस खेत में. सरपंच साब ने मंगलवार बोला था.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या वाईट बोलल्या नाहीत. राहिलेल्या ओळींना दहीभात शिंपडला. एवढ्यात सरपंच मोटारसायकलवर आला. मंगळवारचं त्यानंच मुकादमाला सांगितलं होतं. त्या दिवशी आधी सीतादही व्हायची आहे हे मुकादमाला कळवायचं राहिलं, ही त्याचीच चूक. मुकादमाला फोन लावला तर बंद. बायको रडताना दिसली, कापूस आधीच विरळ. आता पीक बसलं तर गाव म्हणणार, सरपंचाच्या वावरात सीतादही मोडली. तो सुखलालवर धावला.

“चोर साले! मालक यायच्या आधी कापूस न्याचा होता काय?”

मी तिथंच होते. पातेलं माझ्या हातात होतं. मी गठोडी पाहिली होती. मी बोलले नाही. आमची याडी त्याच वावरात निंदायला, वेचायला जायची. ही एक सबब. खरी गोष्ट, मी भ्याले.

दुपारपर्यंत गावात ‘चोरी’ झाली. दुसऱ्या सकाळी पोलिसांची गाडी आली. जमादारानं चौकात सगळ्या कोरकूंना बसवलं आणि खिशातून कागद काढला. मी हापशीवरून पाहत होते. कागदाची घडी उघडली. ते माझं अक्षर होतं. आमच्या यादीची झेरॉक्स.

राशनच्या दुकानापर्यंत महिनाभरात जो कागद पोचला नाही, तो ठाण्यात एका दिवसात पोचला होता. लेकराच्या खाऊसाठी तो टेबलावरून हलत नव्हता, आणि बापाला पकडायला त्याला पाय फुटले. सरकारनं रक्षणाचा कागद काढला हे खरं. पण तो हाताळणाऱ्यांनी त्याचं काय केलं, हे कोणत्या परिपत्रकात लिहून ठेवणार आहेत?

जमादार नावं वाचू लागला. “सुखलाल. मंगल. झुन्नू.” एकेक जण उभा राहत होता. बुधियानं डोमाकाकांकडे पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती. शिवी असती तर बरं झालं असतं.

गडीमाणसांची अकरा नावं झाली. डोमाकाका सायकल भिंतीला लावून पुढं आले.

“जमादारसाहेब, एक नाव राह्यलं.”

“कोणाचं?”

“यादी करनाऱ्याचं. डोमाजी कोतवाल. पैले ते लिहा.”

“तू कायले मधात येतं? बाजूले हो.”

“कागद माहा हाय. कागदावरून माणसं नेऊन राह्यले तं माले बी न्या. अन एक सांगा, साहेब. चोर चोरीचा माल वावरात रांगेनं मांडून मालकाची वाट पाह्यते काय? काट्यावर तोलाची वाट पाह्यते काय? असा चोर तुम्ही आजवर पाह्यला?”

चौकात कोणीतरी हसलं. सरपंच लाल झाला. “लय कायदा शिकला बे तू. या लोकायच्या तोंडावरच लिहिलं हाय चोर म्हनून.”

“भाऊ,” डोमाकाका सावकाश म्हणाले, “माह्या आज्याच्याही तोंडावर लय काही लिहिलं हाय, असं तुमचा आजा म्हने. त्यालेही जावक नंबर नोयता.”

जमादारानं यादी त्यांच्या नाकासमोर धरली. “हे तुहं अक्षर हाय?”

मी हंडा घट्ट धरला. डोमाकाकांची नजर चौकावरून फिरत एक क्षण माझ्यावर आली आणि पुढं गेली. जणू मी तिथं नव्हतेच.

“माहं हाय,” ते म्हणाले.

चौकातल्या प्रत्येकाला कोंबडीचे पाय माहीत होते. कोणी बोललं नाही. तेवढा एक उपकार गावानंही केला. डोमाकाका अकरा जणांच्या आधी गाडीत चढले. सायकल भिंतीलाच राहिली.

ठाण्यात काय झालं ते त्यांनी पूर्ण कधी सांगितलं नाही. एवढंच कळलं की ते दोन दिवस बाकाजवळ जमिनीवर बसून होते आणि दर तासाला म्हणत होते, परिपत्रकात लिहिलंय तशी यांची तक्रार लिहून घ्या. ठाण्यातला लेखनिक म्हणाला, इथं यांच्यावर तक्रार येते, यांची येत नाही. तिसऱ्या सकाळी सगळ्यांना सोडलं. ना गुन्हा नोंदला, ना सुटकेचा कागद दिला. जणू काही घडलंच नव्हतं. सुखलाल लंगडत होता. तळपायावर मार होता.

गोदाम त्याच दिवशी रिकामं झालं. वेचणी अर्धी सोडून ते आमच्या तांड्याच्या वाटेनं निघाले. डोमाकाका त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला चालत होते, सायकल हातात धरून, तिच्यावर त्यांची गाठोडी. आमच्या दारापाशी बुधिया पाणी प्यायला थांबली. याडीनं स्वतः तांब्या दिला. पाणी पिऊन बुधियानं तोंड पुसलं आणि डोमाकाकांना विचारलं,

“बाबा, राशन कब आएगा?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की यादीत नाव आहे तर गावी तरी पोचेल. डोमाकाकांनी सायकलीवरचं तिचं गाठोडं सोडून पुन्हा घट्ट बांधलं.

त्या दिवसानंतर त्यांनी सायकलीची घंटी काढून ठेवली. तलाठी ओरडला, दवंडी कोण देणार? डोमाकाका म्हणाले, “माह्या घंटीनं मानसं फसवली, साहेब. ते निस्तरल्याबिगर ती वाजनार नाई.” कामात कसूर म्हणून त्यांना नोटीस आली. नोटिशीवर जावक नंबर होता. त्यांनी तो पाहिला, सही केली, घडी करून खिशात ठेवली. पूर्वी म्हणायचे कागद खोटं बोलत नाही. आता म्हणायचे, “कागद बैलासारखा हाय. ज्याच्या हाती कासरा, त्याच्या वावरात चालते.”

पण कागद सोडला नाही त्यांनी. कोंबडीच्या पायांनी स्वतः तक्रार लिहिली. यादी कशासाठी केली, कोणी कशाला वापरली, तळपायाचा मार, सगळं. दर सोमवारी ती घेऊन तालुक्याला जायचे. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. तिच्यावर आवक नंबर.

“कोतवाल असून साहेबाच्या विरोधात?” बाबू म्हणायचा.

“विरोधात कायचं? साहेबाच्याच कागदाची आठोन देऊन राह्यलो.”

“साक्षीदार कोन हाय? वावरात गठोडे रांगेनं होते, हे कोनं पाह्यलं? साक्षीदार आन, मंग नंबर देतो.”

हे ते पारावर सगळ्यांना सांगायचे. मीही ऐकायची. वावरात दोघी होतो, सरपंचीणबाई आणि मी. बाईंना नवऱ्याविरुद्ध कोण विचारणार? राहिले मी. डोमाकाकांना हे माहीत होतं. सोमवारी ते आमच्या दारावरून जायचे, “काय कला, बरं हाय?” म्हणायचे आणि पुढं जायचे. एकदाही थांबले नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर मी रागावले असते, नाही म्हटलं असतं, आणि सुटले असते. ते विचारत नव्हते, म्हणून मला झोप नव्हती.

संक्रांतीनंतर मला ह्या गिरणीचं काम मिळालं. आधी यवतमाळ, तिथून पुढं रेल्वेचं गाव, मग दोन दिवसांचा प्रवास. सोमवार होता. फाट्यावर एसटीची वाट पाहत पेटीवर बसले होते. याडी शेजारी. डोमाकाका तालुक्याला निघालेले, पाय घासत थांबले.

“चालली?”

“व्हय, काका.”

“लांब हाय म्हन्तात. तिथं तू बाहेरची. कोनी हंडा आडवा लावला तं गप नको राहू.” पिशवीतून त्यांनी स्टीलचा गिलास काढला आणि माझ्या हातात दिला. “हे ठेव. तिथं लागन.”

मी तो गिलास धरून बसले. मग कुठून बळ आलं माहीत नाही. लांब जात होते म्हणूनच आलं असेल. हे शौर्य नव्हे, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, “काका, तुमच्यापाशी कोरा कागद हाय?”

याडीनं माझा दंड धरला. “कला, आमाले इथंच राहाचं हाय व.”

डोमाकाका म्हणाले, “तुही माय बराबर बोलते. राहू दे.”

याडीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग गिलासाकडे. दंड सोडला आणि पेटीवरून उठून मला लिहायला जागा करून दिली.

मी पेटीवर कागद ठेवून लिहिलं. सरपंचाच्या वावरात मी स्वतः हजर होते. गठोडी धुऱ्यावर बांधून ठेवलेली होती. कोणी पळत नव्हतं. सीतादहीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि शेवटी लिहिलं, मजुरांच्या यादीतलं अक्षर माझं आहे, डोमाजी कोतवालांचं नाही. खाली पूर्ण नाव घातलं, तांड्याचं नाव घातलं.

त्या कागदामुळं त्यांच्या तक्रारीला आवक नंबर मिळाला, हे याडीनं फोनवर सांगितलं. उत्तर मात्र आलं नाही. डोमाकाका जिवंत होते तोवर आलं नाही, नंतरही नाही. सरपंचानं याडीला दोन हंगाम कामावर बोलावलं नाही. यादी पोलिसांना कोणी दिली, ह्याची चौकशी चालू आहे असं कचेरी अजून सांगते. चालू असेल. बसूनच चालू असेल.

परवा गिरणीत मी नाव दिलं. पण आधी सबिताला आणि मला यादीची शिक्का मारलेली नक्कल मिळेपर्यंत उठले नाही. यादी कोणाकोणाकडे जाणार ते साहेबाकडून वर लिहून घेतलं. साहेब चिडला. पाणी प्यायला मी पिशवीतला गिलास काढला.

त्या सोमवारी फाट्यावर डोमाकाकांनी माझा कागद दोनदा वाचला. बोट फिरवत, ओठ हलवत. वाचून झाल्यावर चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग खिशातून चिंधीत गुंडाळलेली घंटी काढली आणि फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून पाना मागून हँडलला बसवायला लागले. एसटी आली. मी खिडकीत बसले. गाडी हलली तेव्हा ते सायकलीवर टांग टाकत होते, तालुक्याच्या दिशेनं, आमच्या गाडीच्या पुढं. रस्ता रिकामा होता, आडवं कोणी नव्हतं. तरी ते घंटी वाजवत चालले होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, ते बाजूला झाले नाहीत. बराच वेळ एसटी त्यांच्या मागं मागं चालली.